पद्मावती अक्कांच्या घरची एकादशी

बेंगळूरच्या जे. पी. नगरात हृदयाच्या इस्पितळामागच्या गल्लीत कुणालाही विचारा, पद्मावती अक्कांचं घर कुठलं. सांगणारा आधी तुमच्या छातीकडे बघेल, मग तुमच्या बॅगेकडे, आणि मग बोट दाखवेल. हिरव्या फाटकाचं तिमजली घर. तळमजल्यावर अक्का आणि त्यांचे यजमान हयवदनराव. वर परदेशांतून हृदय दुरुस्त करून घ्यायला आलेली माणसं. मस्कतची, ढाक्याची, दार-ए-सलामची. येताना भेदरलेली येतात आणि जाताना सांबारपुडीचा, म्हणजे सांबारच्या मसाल्याचा, डबा मागून नेतात.

अक्का डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत. कॉलेज त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं तेवढंच. पण काही वर्षांपूर्वी हयवदनरावांच्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हा इस्पितळाच्या बाकड्यावर बसून त्यांनी एक तमाशा पाहिला. पांढरा कोट समोर आला की चांगली शिकलेली माणसं माना डोलावतात आणि कोट वळला की एकमेकांना विचारतात, "काय म्हणाले हो?" अक्कांच्या नाकावर राग जन्माचाच. त्या उठल्या, कोटाच्या मागे गेल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प थांबा डॉक्टर. मला कळलेलं नाही. पुन्हा सांगा." डॉक्टर प्राणेश थांबले. पुन्हा सांगितलं. कळेपर्यंत सांगितलं. तेव्हापासून दोघांचं बरं जमतं. डॉक्टर म्हणतात, अक्कांच्या घरून आलेला पेशंट मलाच परीक्षेला बसवतो.

प्रश्न विचारायला कुठली डिग्री लागत नाही, हे ज्याला कळलं तो माणूस कुणाच्या बापाला भीत नाही. अक्कांना ते बाकड्यावर कळलं. घरी आल्यावर त्यांनी वरचे मजले झाडून घेतले आणि परदेशी पेशंटांना भाड्याने द्यायला सुरुवात केली.

दलालांना हे घर आवडत नाही. एकदा असाच एक गुळगुळीत गडी, गळ्यात ओळखपत्र लटकवून, टांझानियाच्या एका नवराबायकोला घेऊन फाटकात आला. "मॅडम, उद्या स्टेंट, परवा म्हैसूरचा राजवाडा, तिथून सरळ विमानतळ. सगळं पॅकेजमध्ये आहे."

अक्का फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "हृदय आहे की म्हैसूरपाक? तपासणी व्हायच्या आधीच स्टेंट बसवायचा हे तुला कुणी सांगितलं? तू आत बघितलंस?"

"मॅडम, तिकीट काढलेलं आहे..."

"मग तू जा त्या तिकिटावर."

नवराबायको राहिली, दलाल गेला. त्या गृहस्थाची तपासणी झाली आणि औषधांवर भागेल असं निघालं. स्टेंटच लागला नाही. राजवाडा मात्र त्यांनी बघितला, आणि येताना अक्कांना म्हैसूरपाक आणला.

मालोजी आले ते श्रावणात. टॅक्सी थांबली, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस उतरला, पाठोपाठ फुलाफुलांच्या झग्यातली बायको. अक्कांनी इंग्रजीची जुळवाजुळव केली. "वेलकम. स्लिपर औटसाईड."

तो माणूस चपला काढता काढता म्हणाला, "बरं हाय का, बाय?"

अक्कांनी हातातला कॉफीचा टंबलर कठड्यावर ठेवला. मॉरिशसहून येणार एवढंच इस्पितळातल्या सुखदाने कळवलं होतं. ही सुखदा नागपूरची, परदेशी पेशंटांची व्यवस्था बघते, कोरमंगलात पीजीत राहते आणि रविवारी इथे जेवायला येते. मॉरिशसमध्ये मराठी माणूस असतो हे तिने सांगितलं नव्हतं, कारण तिलाही माहीत नव्हतं.

"तुम्ही मराठी?" अक्का म्हणाल्या.

"आजोबाचा आजोबा जहाजातनं गेला. उसाच्या शेतावर. आम्ही तवापास्नं तितंच." त्याने बायकोकडे हात केला. "ही विद्या. हीपण मराठी. आमच्या बेटाची क्रिओल भाषा जास्ती बोलते, भांडते मात्र मराठीत."

हयवदनराव आतून आले. उंच, सडपातळ, कपाळावर गोपीचंदन, बॅंकेतून निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ कर्मठ. चातुर्मासात एक महिना भाजी बंद, एक महिना दही बंद. कांदा-लसूण या घराने कधी पाहिलेला नाही. "आमचं मराठी घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथं आहे," त्यांनी ओळख करून दिली.

"मंग तुमी आमच्याआधी घर सोडलं," मालोजी म्हणाले.

हयवदनरावांना हे असं कुणी सांगितलं नव्हतं. ते दोन घोट कॉफी पिईपर्यंत विचार करत राहिले, आणि मग इतके हसले की गोपीचंदन सुरकुतलं. तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच, आणि मालोजी-विद्या त्यांना अण्णा म्हणायला लागले. हयवदनराव बोलताना मध्येच कानडी 'सरी' म्हणायचे, मालोजी क्रिओल 'कोरेक'. दोन्हीचा अर्थ 'ठीक'. कुणाची मराठी जास्त बिघडली यावर रोज वाद. विद्या आणि अक्का दोघी मिळून ठरवायच्या की दोघांचीही.

मालोजी तिकडे बस चालवत. आता निवृत्त. समुद्रकाठच्या गावात दरवर्षी स्वतःच्या हाताने मातीचा गणपती करायचे, सगळ्या गावासमोर खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचे आणि झाकरीची गाणी म्हणायचे. झाकरी म्हणजे गोल करून नाचत म्हणायची गाणी. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत येणारा गावात आता हा एकच माणूस उरला होता. यंदा चढ चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी स्टेंट लागेल असं सांगितलं. मुलं म्हणाली, चुलत बहिणीचं बेंगळूरला चांगलं झालं, तिकडेच जा.

"चतुर्थीच्या आधी घरी पोचलो पाहिजे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "मूर्ती अर्धी झाली हाय. सोंड बाकी हाय."

"पोचाल," अक्का म्हणाल्या. "पण डॉक्टरने जा म्हटल्यावर. सोंड पळून जात नाही."

त्या रात्री जेवताना मालोजींनी ताटाकडे बघून दबक्या आवाजात विचारलं, "अक्का, मासा...?"

"मासा समुद्रात आहे. तिथंच सुखात राहू दे. आता माझं ऐका." अक्कांनी भाताची मूद पुढे सरकवली. "उद्या डॉक्टरांना काय विचारणार?"

"बरा होईन का?"

"ते देवाला विचारा. डॉक्टरांना विचारायचं, कुठं अडलंय ते मला चित्रात दाखवा. स्टेंटच पाहिजे की गोळ्यांवर भागेल. बसवला तर गोळ्या कुठल्या, किती महिने. आणि त्याच गोळ्या तुमच्या बेटावर मिळतात का, हे आधी तिकडे फोन करून बघून ठेवायचं. तिकडचा तुमचा डॉक्टर कोण? त्याला हे माहीत आहे ना? इथून गेल्यावर छातीत कळ आली तर तुम्ही विमानाने प्राणेशांकडे येणार आहात की काय?"

विद्याने तिथल्या तिथे मुलाला फोन लावला आणि क्रिओलमध्ये पाच मिनिटं धो धो बोलली. मधे 'अक्का' हा शब्द चारदा आला.

दुसऱ्या दिवशी प्राणेश डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मनगटातून बारीक नळी घालून, रंग सोडून काढलेलं. एका ठिकाणी नस चिमटीत धरल्यासारखी झालेली. दुसऱ्या ठिकाणी थोडीशीच अरुंद. "इथं स्टेंट घालू. म्हणजे जाळीची बारीक नळी, नस उघडी धरायला. इथं नको, गोळ्या पुरे आहेत."

"आलोच हाय तर दोन्ही करून टाका," मालोजी म्हणाले.

लांबून आलेल्या माणसाला हा रोग असतोच. आलोच आहे तर. इस्पितळातून परतल्यावर तर त्यांना म्हणे दातही दाखवायचा होता, आलोच हाय तर. पण ते पुढचं. डॉक्टरांनी मान हलवली. "हा भाजीबाजार नाही मालोजी. जिथं गरज नाही तिथं धातू घालायचा नाही."

स्टेंट बसला. मालोजी जागेच होते, सगळा वेळ पडद्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर विद्याला म्हणाले, "मनगटातनं गेले आणि हृदयात पोचले. मी तीस वर्षं बस चालवली, असा शॉर्टकट पाहिला नाही."

निघताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, आणि अक्कांनीही शेजारी बसून ऐकलं. नवीन जाळी आहे, रक्त तिथं चिकटून गुठळी व्हायला बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. एक दिवसातून एकदा, दुसरी सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून नाही, पित्त होतंय म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. बंद करायची वेळ येईल तेव्हा हृदयाचा डॉक्टर सांगेल, दुसरं कोणी नाही. काही दिवसांनी दाखवायला या, सगळं ठीक असलं तर विमानात बसा.

संध्याकाळी मालोजींनी दाताचा विषय काढला. कोपऱ्यावरच पाटी दिसली होती. अक्का पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "दात काढताना रक्त येतं, मग तो सांगणार पातळ करायची गोळी चार दिवस थांबवा. मग काय कराल?"

"थांबवीन."

"आणि ज्याने जाळी घातली त्याला विचारणार नाही?"

मालोजी लाटण्याकडे बघून म्हणाले, "कोरेक. दात राहू दे."

"ज्याने घातला त्याला विचारायचं. पोटाचा डॉक्टर असू दे, दाताचा असू दे, नाहीतर मी असू दे. सरी?"

"सरी."

अक्कांना वाटलं, हा पेशंट पक्का झाला. आपल्या हाताखालून गेलेला माणूस चुकायचा नाही असा त्यांना गर्व होता. त्या गर्वाला ठेच लागली ती बाहेरून नाही, स्वतःच्या घरातून.

दशमीच्या संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले होते. हयवदनराव म्हणाले, "उद्या एकादशी. उद्या घरात चूल पेटायची नाही."

"तुमच्यासाठी वरच्या शेगडीवर उप्पिट्टू, म्हणजे उपमा, करून देईन," अक्का विद्याला म्हणाल्या. "पेशंटला उपास नाही." आणि मग, सवयीने, अभिमानाने, आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत तेच सांगितलं: "यांचं मात्र कडक असतं. एकादशीला थेंबभर पाणी नाही. हृदयात स्टेंट आहे, तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं होईपर्यंत तोंडाला कुलूप."

हयवदनरावांनी डोळे मिटून मान डोलावली. मालोजी त्यांच्याकडे बघत राहिले. देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं.

हा 'थेंबभर पाणी नाही'चा मामला आता सांगायलाच हवा. हयवदनरावांना स्टेंट बसला त्यानंतरच्या पहिल्याच एकादशीला ते गोळी घेईनात. अक्का त्यांना हाताला धरून मठात घेऊन गेल्या होत्या. मठातल्या म्हाताऱ्या आचार्यांनी एका वाक्यात निकाल दिला: औषध म्हणजे अन्न नव्हे. हयवदनराव कबूल झाले, पण एका अटीवर. कुणाला कळता कामा नये. जन्मभर कमावलेलं नाव होतं. गल्लीतली माणसं एकादशीला त्यांना नमस्कार करायला यायची. तेव्हापासून दर एकादशीला सकाळी आणि रात्री ते स्वयंपाकघरात जायचे, दार लोटायचे, अक्का पेल्यात पाणी द्यायच्या, गोळी पोटात जायची, आणि ते तोंड पुसून निर्जळ चेहऱ्याने बाहेर यायचे. अक्कांना त्यात काही वावगं वाटलं नाही. गोळी जाते ना, मग बाकी नाटक चालू दे.

एकादशी उजाडली. अक्कांनी वरच्या शेगडीवर उप्पिट्टू करून दोन ताटल्या दिल्या, ताटल्या चाटूनपुसून परत आल्या. मालोजी तेवढ्यापुरते वर जाऊन आले, बाकी दिवसभर खाली हयवदनरावांच्या शेजारी बसून होते. हे विष्णुसहस्रनाम म्हणायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. दुपारी मालोजी थोडे मलूल वाटले. अक्कांनी विचारलं तर म्हणाले, "कोरेक हाय अक्का. लई बरं वाटतंय."

संध्याकाळी अक्का तुळशीपाशी दिवा लावत होत्या. विद्या जिना उतरून आली.

"अक्का, उद्या पारणं किती वाजता?"

"तुला कशाला? तू तर सकाळीच खाल्लंस."

"मी दोन ताटल्या खाल्ल्या," विद्या म्हणाली. "माझी आणि त्यांची. त्यांनी अण्णांसारखं धरलं आज. स्टेंट नीट बसला तर एकादशी करीन असं टेबलावर पडल्या पडल्या बोलले होते. मला सांगू नको म्हणाले. पण उद्या पहाटेच पारणं झालं तर बरं, कारण गोळ्या राहिल्या आहेत सकाळच्या."

अक्कांच्या हातातली काडी विझेपर्यंत जळली.

"गोळ्या घेतल्या नाहीत?"

"पाणी नाही तर गोळी कशी जाणार? अण्णापण नाही घेत ना."

  अक्का आत गेल्या, फोन घेतला आणि सुखदाला लावला.

"सुखदा, मालोजींनी सकाळच्या गोळ्या घेतल्या नाहीत. पाणीसुद्धा प्यायलं नाही दिवसभर. उपास केला."

"अहो काकू, काय करून राहिले ते? आठवडा नाही झाला स्टेंटला." सुखदाचा आवाज एकदम कामाचा झाला. "छातीत दुखतंय का? घाम, धाप? नाही ना? फोन ठेवू नका, सरांना विचारते."

मिनिटभराने प्राणेश डॉक्टर स्वतः फोनवर आले. "अक्का, आत्ता संध्याकाळच्या वेळेची गोळी आणि ती दिवसातून एकदाची, दोन्ही द्या. सकाळची राहिलेली भरून काढायला जास्तीची द्यायची नाही. पाणी भरपूर. आणि घेऊन या इकडे, ईसीजी काढून बघू. घाबरू नका, पण उद्यावर ढकलू नका."

अक्का गोळ्या आणि पेला घेऊन ओसरीवर आल्या. "मालोजी, घ्या."

मालोजींनी हात जोडले. "अक्का, उद्या पहाटे घेतो. बोललेलं हाय मी. देवासमोर बोललेलं."

"डॉक्टर आत्ता म्हणतात."

"एक रात्र तर हाय. मला काय बी होत नाही, बघा की." ते छातीवर थाप मारणार होते, पण मनगटाची पट्टी बघून थांबले. "आमच्या बेटावर असं कडक कुणी करत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं. अण्णा माझ्यापेक्षा मोठे, त्यांच्यापण हृदयात जाळी हाय. ते करतात. मी उपास मोडला तर उद्या गणपतीसमोर कुठल्या तोंडाने गाऊ?"

विद्या मराठीत भांडली. मग क्रिओलमध्ये भांडली. काही उपयोग नाही. तीस वर्षं ज्याने बस आपल्या मनाने थांबवली आणि आपल्या मनाने सोडली, तो माणूस हलत नव्हता.

अक्कांनी आता नवऱ्याकडे पाहिलं. हयवदनराव जपमाळेकडे बघत होते. माळ फिरत नव्हती.

अक्कांच्या मनात काय काय येऊन गेलं. हा माणूस आपल्या घरात, आपल्या शब्दावर उपाशी बसलाय. दलालाला फाटकातून हाकलणारी मी, आणि खोटं पॅकेज मीच विकलं. थेंबभर पाणी नाही म्हणे. मालोजींचं काही बरंवाईट झालं तर ती अर्धी मूर्ती सोंडेशिवाय सुकणार, आणि ती गाणी म्हणायला त्या गावात कोणी नाही. त्या तोंड उघडणार होत्या, इतक्यात थांबल्या. नवऱ्याचं गुपित बायकोने फोडायचं नसतं. फोडलं तर त्यालाच फोडू द्यावं.

"अहो," त्या एवढंच म्हणाल्या.

हयवदनराव उठले. स्वयंपाकघरात गेले. या वेळी दार लोटलं नाही. हातात आपल्या गोळ्यांची डबी आणि पाण्याचा भला मोठा तांब्या घेऊन आले आणि मालोजींच्या शेजारी मांडी घालून बसले. फाटकाबाहेर शेजारचे दोघे एकादशीच्या नमस्काराला आले होते, तेही उभे होते.

"माझी रात्रीची गोळी," हयवदनराव म्हणाले, आणि तोंडात टाकली. वर पाण्याचे चांगले चार घोट घेतले. घटाघटा आवाज आला.

फाटकात कोणी तरी खाकरलं.

मालोजींचं तोंड उघडं राहिलं. "अण्णा, आज एकादशी."

"सकाळीपण घेतली. दाराआड. दर एकादशीला घेतो." हयवदनरावांनी मिशी पुसली. त्यांचे कान लाल झाले होते. "मठात विचारून घेतलेलं आहे. औषधाला एकादशी नाही. लपवायचं मात्र मठाने सांगितलं नव्हतं, ते माझं."

"मंग ते थेंबभर पाणी...?"

"ते बाहेरच्यांसाठी," अक्का म्हणाल्या. "आणि ते सांगत फिरणारी मी. चूक यांची अर्धी, माझी पाऊण."

मालोजींनी हयवदनरावांकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नाही, नुसते खांदे. मग ते असं हसले की विद्याही हसली आणि फाटकातले दोघेही.

"लबाड हाय तुमी अण्णा," ते म्हणाले. "बेटावरपण एवढा लबाड नाही."

"घेताय की नाही?" हयवदनराव म्हणाले. "का मी आणखी एक घेऊन दाखवू?"

"जादा गोळी कुणी घ्यायची नाही," अक्का खेकसल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मालोजींनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले, आणि तांब्या रिकामा करून उपडा ठेवला. रिक्षात बसताना म्हणाले, देवाला खरं कळलं असेल ना? हयवदनराव म्हणाले, त्याला पहिल्या एकादशीपासून कळलेलं आहे, तो गप्प बसला होता.

ईसीजी ठीक निघाला. प्राणेश डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि मगच चष्मा काढला. "यावेळी निभावलं. पुढच्या वेळी निभावेलच असं मी लिहून देणार नाही. माझी आई पण एकादशी करते मालोजी. तिच्या गोळ्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवतो आम्ही, म्हणजे तिला प्रसादासारख्या वाटतात. उपास करायचाच असला तर पुढे तुमच्या डॉक्टरला विचारून करा. पाणी आणि गोळी सोडून जे सोडायचं ते सोडा."

अक्कांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "हे आधी का सांगत नाही पेशंटांना? उपासाचं?"

"तुम्ही विचारलं नाहीत कधी," डॉक्टर म्हणाले.

अक्कांना हे झोंबलं. पण झोंबलं ते योग्य जागी. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला, आणि मुसलमान पाहुण्यांना रोजाबद्दल, ख्रिस्ती पाहुण्यांना लेंटच्या उपासाबद्दल त्या आता आधी विचारतात.

पुढच्या तपासणीत मालोजींना जायची परवानगी मिळाली. मनगट बरं, चालताना छाती मोकळी. सुखदाने त्यांच्या गावच्या डॉक्टरला सगळं कळवलं, तपासणीची सीडी दिली, स्टेंटचं कार्ड दिलं. विमानात अधूनमधून उठून चाला म्हणून सांगितलं. निघायच्या दिवशी अक्का फाटकात उभ्या राहिल्या, दलालापुढे राहतात तशाच आडव्या.

"कार्ड कुठं?"

"पाकिटात."

"गोळ्या?"

"मोठ्या बॅगेत."

"काढा. बॅग हरवली म्हणजे? हातातल्या पिशवीत ठेवा. आणि तिकडे मिळायला उशीर झाला तर? जास्तीच्या घेतल्यात?"

"घेतल्या हाय अक्का. विद्याने घेतल्या."

"मूर्ती खांद्यावर घ्यायची नाही यंदा. डॉक्टर जड उचलू नका म्हणालेत."

मालोजी म्हणाले, "खांदा पुतण्याचा. गळा माझा. चालेल?"

"चालेल."

विद्याने सांबारपुडीचे दोन डबे घेतले, एक शेजारणीसाठी. टॅक्सी वळेपर्यंत मालोजी खिडकीतून हात हलवत होते आणि हयवदनराव कधी नव्हे ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

चतुर्थी झाली आणि विसर्जनाच्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर समुद्र, ढोल, नाचणारी माणसं. पुतण्याच्या खांद्यावर गणपती. सोंड जरा वाकडी, घाईत केलेली. मालोजी मध्यभागी, पाण्यात घोट्यापर्यंत, दोन्ही हात वर करून गात होते. अक्कांना शब्द अर्धे कळले, पण आवाज स्वच्छ होता, मधे धाप नव्हती. हयवदनराव फोन कानाला लावून ऐकत होते. अक्कांनी तो काढून डोळ्यांसमोर धरला. "हा बघायचा फोन आहे."

त्यानंतर आठवडाभरात पुढची एकादशी आली. सकाळी हयवदनराव संध्या आटोपून सरळ ओसरीवर येऊन बसले आणि फोन मांडीवर ठेवला. समोर मालोजी, त्यांच्या घरच्या व्हरांड्यात, हातात पेला.

"अण्णा, आधी तुमी."

"तुम्ही पाहुणे होता, तुम्ही आधी."

"आता मी पाहुणा नाही, घरी हाय."

"दोघं एकदम घ्या," अक्का आतून म्हणाल्या, "नाहीतर पारण्यापर्यंत हेच चालेल."

दोघांनी एकदम घेतल्या. फाटकासमोरून एक ओळखीचे गृहस्थ चालले होते, नमस्कार करायला थबकले, पेला पाहिला, आणि नमस्कार केलाच. हयवदनरावांनी पेला हातात धरूनच नमस्कार घेतला.

त्याच दुपारी मस्कतहून एक नवं कुटुंब उतरलं. अक्कांनी त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, वरच्या शेगडीवरची कॉफी दिली आणि नवऱ्याकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाल्या, "यांचं एकादशीचं फार कडक असतं. थेंबभर पाणी नाही. गोळीबरोबरचा तांब्याभर सोडून."

"तांब्याभर नाही," हयवदनराव म्हणाले. "पेलाभर."